एका रहस्यकादंबरींतील रोम : वास्तु, चिन्हें आणि सनावळी

इ. स. २००० मध्यें अमेरिकन ग्रंथकार डॅन ब्राऊन यांची 'एंजल्स अँड डीमन्स' ह्या नांवाची रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. २००९ सालीं तिच्यावर चित्रपटहि निघाला. रोमला जाणारे कित्येक प्रवासी आज ही कादंबरी हातीं धरून तेथील देवळें पाहत हिंडतात, आणि तिच्यांतील मार्गानें शहर दाखविणारे वाटाडे तेथें मिळतात. इतिहाससाधनांस वाहिलेल्या त्रैमासिकांत अशा पुस्तकाची चर्चा कशास, असें वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. कल्पित कथेस सनावळीचा जाच करूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कोणी दप्तर समजून वाचीत नाहीं. परंतु प्रस्तुत ग्रंथकारानें कथेच्या आरंभीं एक टीप घातली आहे. रोममधील ज्या कलाकृति, थडगीं, भुयारें व इमारती कथेंत येतात त्या सर्व खऱ्या आहेत, त्यांचीं स्थानेंहि जशींच्या तशीं दिलीं आहेत, आणि कथेंतील गुप्त मंडळीहि वास्तविक आहे, असें तींत प्रतिपादिलें आहे. ही प्रतिज्ञा कादंबरीकाराची नव्हे, बखरकाराची आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींतील काल, स्थल व व्यक्ति ह्यांची जी झडती घेतली, ती ज्यानें स्वतः होऊन मागितली त्याची घेण्यास हरकत नसावी.

कथानक थोडक्यांत असें. पोप वारला आहे व नवा पोप निवडण्यासाठीं कार्डिनल जमले आहेत. त्यांतील चार प्रमुखांस 'इल्युमिनाटी' नांवाची गुप्त मंडळी पळवून नेते आणि दर तासास एक याप्रमाणें पृथ्वी, वायु, अग्नि व आप ह्या चार तत्त्वांच्या 'वेदीं'वर त्यांचे बळी देते. ह्या वेदी कोणत्या, हें हार्वर्डचा प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन यास गालिलेओच्या एका लपलेल्या पुस्तिकेवरून शोधावयाचें असतें. प्रत्येक वेदीजवळ बेर्निनीच्या हातचें एक शिल्प असून त्यांतील देवदूत पुढच्या वेदीकडे बोट दाखवितो. शेवटीं वाट सांत'आंजेलो किल्ल्यांत पोंचते. बेर्निनी हा त्या मंडळीचा गुप्त सभासद होता आणि पोपच्याच पैशानें त्यानें पोपच्या नगरींत शत्रूच्या खुणा पेरून ठेवल्या, असा ह्या सर्वांचा इत्यर्थ आहे.

प्रथम मंडळीचेंच पाहूं. इल्युमिनाटी नांवाची संस्था खरोखर होती. परंतु ती १ मे १७७६ रोजीं बव्हेरियांतील इंगोलस्टाट येथें आडाम वाइसहाउप्ट ह्या कायद्याच्या प्राध्यापकानें स्थापिली, आणि १७८४-८५ मध्यें तेथील राज्यकर्त्यानें हुकूम काढून ती मोडून टाकली. गालिलेओ वारला ८ जानेवारी १६४२ रोजीं. बेर्निनी १६८० सालीं. म्हणजे ज्या संस्थेचा तो सभासद म्हणून सांगितला आहे तिच्या जन्मास त्याच्या मृत्यूनंतर सुमारें शतक लोटावें लागलें. पण ह्याहून मोठा कालविपर्यास पुस्तिकेंतच आहे. गालिलेओच्या पुस्तिकेंत ज्या चार शिल्पांचा मार्ग सांगितला आहे त्यांपैकीं सांता मारिया देला व्हित्तोरियांतील संत तेरेसा १६४७ ते १६५२ मधील, पियात्सा नावोनांतील कारंजें १६४८ ते १६५१ मधील, कीजी देवडींतील दोन मूर्ति १६५५ ते १६६१ मधील, आणि सेंट पीटरच्या चौकाची स्तंभावलि १६५६ ते १६६७ मधील. गालिलेओ वारला त्या दिवशीं ह्यांपैकीं एकाहि दगडास छिन्नी लागली नव्हती. आपल्या बखरींतहि भविष्यकथन येतें, पण तें बहुधा साधुपुरुषाच्या तोंडीं असतें.

आतां तें साधन ज्या कागदावर आहे त्याविषयीं. पुस्तिकेचें नांव कादंबरींत 'दियाग्राम्मा' असें दिलें आहे. ह्या नांवाचा गालिलेओचा कोणताहि ग्रंथ नाहीं. ती पापायरसवर छापली होती, कारण पकडलें जाण्याचा प्रसंग आल्यास पाण्यांत टाकतांच ती विरघळावी, असें कारण दिलें आहे. हस्तलिखितें हाताळणारास येथेंच थबकावें लागेल. इटलींत फाब्रियानो येथें तेराव्या शतकापासून उत्तम चिंध्यांचा कागद होत होता. सतराव्या शतकांत पापायरसवर छापण्याचें कोणासहि कारण नव्हतें. शिवाय पापायरस पाण्यांत भिजवूनच तयार करतात. तें मिठासारखें विरघळत नाहीं. तें अल्पायुषी आहे म्हणावें तर ईजिप्तच्या कोरड्या वाळूंतून हजारों वर्षांपूर्वींचीं पानें निघालीं आहेत. ह्या अनमोल व एकमेव प्रतीचें पान वेळ थोडा म्हणून कथेंतील नायिका सरळ फाडून घेते आणि नायक फारसा कष्टी होत नाहीं. कथेंतील खुनांपेक्षां हा प्रसंग आम्हांस अधिक दुःसह वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

ज्या दप्तरखान्यांत हें घडतें तो व्हॅटिकनचा 'गुप्त' दप्तरखाना. लॅटिनमधील 'सेक्रेतुम' ह्या शब्दाचा येथील अर्थ गुप्त असा नसून धन्याचा स्वतःचा असा आहे. आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरांत 'खासगीकडील' म्हणून जें पद येतें तेंच हें. पोप पांचवा पॉल ह्याच्या कारकीर्दींत सतराव्या शतकाच्या आरंभीं हा दप्तरखाना वेगळा झाला, १८८१ मध्यें तेराव्या लिओनें तो संशोधकांस खुला केला, आणि २०१९ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं 'गुप्त' हा शब्दच नांवांतून काढून टाकला. कपाटांची लांबी मोजली तर सुमारें ८५ किलोमीटर भरते. गालिलेओचीं खरीं कागदपत्रें त्यांत आहेतच. १६३३ च्या चौकशीचें बाड तेथें असून तें छापूनहि निघालें आहे. ह्या बाडाचा प्रवास कोणत्याहि कादंबरीस पुरून उरेल. १८१० मध्यें नेपोलियनच्या आज्ञेनें दप्तर गाड्या भरभरून पॅरिसला गेलें. त्याच्या पाडावानंतर बहुतेक परत आलें, कांहीं वाटेंत व पॅरिसांत नष्ट झालें, आणि नेमकें गालिलेओचें बाड मात्र हरवलें तें १८४३ सालींच रोमला पुनः पोंचलें.

गालिलेओचे अप्रसिद्ध कागद सांपडावेत ही इच्छा कादंबरीकारांसच होते असें नाहीं, आणि ह्या विषयाचा आमच्या वाचकांशीं खरा संबंध येथें आहे. २००५ मध्यें त्याच्या १६१० च्या 'सिदेरेउस नुन्सिउस' ह्या ग्रंथाची एक प्रत न्यूयॉर्कच्या पुस्तकबाजारांत आली. तींत चंद्राचीं चित्रें स्वतः गालिलेओनें रंगविलेलीं आहेत असें सांगण्यांत आलें, जर्मन पंडितांच्या एका समूहानें ती अस्सल ठरविली व तिजवर मोठा ग्रंथ काढला. २०१२ मध्यें निक वाइल्डिंग ह्या संशोधकानें ती बनावट असल्याचें सिद्ध केलें; ती करविणारा मारिनो मास्सिमो दे कारो हा नेपल्समधील एका प्राचीन ग्रंथालयाचा संचालक होऊन तेथील पुस्तकें चोरल्याबद्दल पुढें शिक्षा पावला. २०२२ मध्यें त्याच वाइल्डिंग यांनीं मिशिगन विद्यापीठानें अनेक वर्षें गौरवानें जपलेला गालिलेओचा हस्तलेख तपासला. कागदावरील जलचिन्हांत बेर्गामो गांवाचीं आद्याक्षरें होतीं, आणि तशा चिन्हाचा कागद १७७० च्या पूर्वीं आढळत नाहीं. तेवढ्यावरून विद्यापीठानें तो हस्तलेख विसाव्या शतकांतील बनावट म्हणून जाहीर केला. हस्तलेखाची साक्ष कागदानें खोटी पाडली.

आतां स्थळांकडे वळूं. पुस्तिकेंतील इंग्रजी पद्यांत 'सान्ती'च्या थडग्यापासून आरंभ करावा व तेथें राक्षसाचें विवर आहे, अशी खूण आहे. सान्ती हें राफाएलचें कुलनाम. राफाएलचें थडगें पँथिऑन ह्या प्राचीन रोमन मंदिरांत आहे व त्याच्या घुमटास माथ्यावर सुमारें ९ मीटर व्यासाचें उघडें छिद्र आहे. म्हणून नायक प्रथम तेथें धांवतो. तेथें त्यास कळतें कीं राफाएलचें शव ह्या मंदिरांत अठराव्या शतकाच्या मध्यास आणलें गेलें. तेव्हां गालिलेओच्या काळच्या खुणेचा रोख येथें असणें शक्य नाहीं. सान्तीचें थडगें म्हणजे सान्तीनें बांधलेलें थडगें, असा नवा अर्थ त्यास सुचतो, आणि कथा कीजी देवडीकडे वळते.

कथेची सारी कळ ह्या एका तारखेवर आहे आणि ती तारीख खोटी आहे. राफाएल ६ एप्रिल १५२० रोजीं वारला व त्याच वर्षीं त्याच्या इच्छेप्रमाणें पँथिऑनमध्येंच पुरला गेला. वासारीनें १५५० मध्यें छापलेल्या चरित्रग्रंथांत हें स्पष्ट सांगितलें आहे, आणि त्यानें म्हटलेली मातृदेवतेची संगमरवरी मूर्ति, लोरेंझेत्तोच्या हातची, आजहि थडग्यावर उभी आहे. १६७४ मध्यें कार्लो मारात्ता ह्या चित्रकारानें तेथें राफाएलचा अर्धपुतळा बसविला होता. शव जर अठराव्या शतकांत आलें, तर हा पुतळा कोणाच्या थडग्यावर बसविला? एवढ्यानेंहि समाधान न होणाऱ्यांसाठीं आणखी एक पुरावा आहे. रोममधील चित्रकारांच्या एका विद्यापीठांत राफाएलची म्हणून एक कवटी पूज्य मानून ठेवलेली होती. परदेशी पाहुणे ती पाहण्यास जात व गटेनेंहि ती पाहिली होती. खरें काय तें पाहण्यासाठीं सप्टेंबर १८३३ मध्यें थडगें उघडलें, तों आंत संपूर्ण सांगाडा, डोक्यासकट. पोप सोळाव्या ग्रेगरीनें दिलेल्या प्राचीन रोमन शिलापेटींत तो पुनः ठेवण्यांत आला. विद्यापीठांतील कवटी कोणा दुसऱ्याचीच निघाली.

सांता मारिया देल पोपोलो ह्या देवळांतील कीजी देवडी हा कादंबरींतील सर्वांत रंगलेला भाग आहे व वास्तुदृष्ट्याहि तो सर्वांत समृद्ध आहे. म्हणून येथें थोडें रेंगाळलें पाहिजे. आगोस्तीनो कीजी हा सिएनाचा सावकार, पोपांस कर्ज देणारा, त्या काळच्या युरोपांतील अति धनाढ्यांपैकीं एक. त्यानें स्वतःच्या दफनासाठीं ही देवडी राफाएलकडून आंखून घेतली. घुमटाच्या आंतील बाजूस मोझेइकचें काम असून त्यांत मध्यभागीं जगन्निर्माता व भोंवतीं ग्रह आहेत. तें राफाएलच्या नमुन्यावरून लुइजी दे पाचे ह्या व्हेनिसच्या कारागिरानें १५१६ मध्यें पुरें केलें. दोहों बाजूंस भिंतीला लागून दोन उंच पिरॅमिड आहेत. तीं आगोस्तीनो व त्याचा भाऊ सिजिस्मोंदो ह्यांचीं थडगीं होत. राफाएल वारल्यावर पांचच दिवसांनीं आगोस्तीनोहि वारला, आणि काम अर्धवट राहिलें. सवाशे वर्षांनीं त्याच घराण्यांतील फाबिओ कीजीनें तें बेर्निनीकडून पुरें करवून घेतलें. हाच फाबिओ १६५५ मध्यें सातवा अलेक्झांडर ह्या नांवानें पोप झाला.

कादंबरीचा नायक आंत पाऊल टाकतांच पिरॅमिड, तारे, ग्रह व राशि पाहून चकित होतो. ख्रिस्ती देवळांत हीं चिन्हें कशीं? उत्तर म्हणून त्यास इल्युमिनाटी सुचतात. परंतु पिरॅमिडाकार थडगें रोमला नवें नव्हतें; केस्तिउसचा पिरॅमिड इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून शहराच्या तटाशीं उभा आहे, आणि प्राचीन रोमन वैभवाचें अनुकरण करणाऱ्या सावकारानें तो आकार उचलावा ह्यांत गूढ नाहीं. ग्रहांचें म्हणाल तर प्रत्येक ग्रहाशीं एक देवदूत असून तोच त्यास गति देत आहे. ही त्या काळच्या धर्मशास्त्रास संमत अशीच विश्वरचना आहे. आगोस्तीनोची ज्योतिषावर भिस्त होती, ह्याचा तर दुसरा पुरावा आहे. तायबर नदीकाठच्या त्याच्या बंगल्याच्या एका दालनाच्या छतावर बाल्दास्सारे पेरुत्सीनें देवतांच्या मिषानें धन्याची जन्मकुंडलीच रंगविली आहे. फ्रिट्झ झाक्सल ह्या पंडितानें १९३४ मध्यें त्या ग्रहस्थितीवरून आगोस्तीनोचा जन्म १ डिसेंबर १४६६ च्या सुमाराचा असावा असें गणित मांडलें. पुढें सिएना येथील बाप्तिस्म्याची नोंद सांपडली. तींत २९ नोव्हेंबर १४६६ ही तारीख निघाली. गणित दोन दिवसांनीं चुकलें. चिन्हांचा अर्थ लावावयाचा तो असा, कीं पुढें कागद सांपडला तरी त्यास भ्यावें लागूं नये.

देवडीच्या फरशीवर मध्यभागीं सपक्ष सांगाड्याची वर्तुळाकृति शिला आहे. सांगाडा घराण्याची ढाल उचलीत आहे. कादंबरींत ह्या ढालीवरील आकृतीचें वर्णन पिरॅमिड व त्यावर तेजस्वी तारा असें केलें असून तीच इल्युमिनाटींची मुद्रा मानली आहे. वस्तुतः तें कीजी घराण्याचें कुलचिन्ह : एकावर एक रचलेल्या सहा टेंकड्या व माथ्यावर अष्टकोनी तारा. रोममध्यें सातव्या अलेक्झांडरनें ज्या ज्या इमारतीस हात लावला तिच्यावर हें चिन्ह कोरलेलें आहे. शहरांत तें शेकडों वेळां दिसतें. आपल्याकडे एखाद्या सनदेवरचा शिक्का पाहून प्रथम धनी कोण हें विचारतात, नंतर मंत्रतंत्र. शिलेवरील लॅटिन लेख आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. 'मोर्स आद् चेलोस', म्हणजे मृत्यूमार्गें स्वर्गाकडे, एवढे तीनच शब्द. पण त्यांतील चार अक्षरें मुद्दाम मोठीं काढलीं आहेत. रोमन अंकपद्धतीनें तीं १०००, ५००, १०० व ५० होतात. बेरीज १६५०, म्हणजे ख्रिस्ती महोत्सवाचें वर्ष. आपल्या शिलालेखांतील शब्दांक किंवा फारशी लेखांतील अब्जद हिशेब ह्यांचाच हा चुलतभाऊ. गुप्त लिपीच्या शोधांत निघालेल्या कादंबरीकाराच्या पायांखालीं खरी कूटलिपि होती.

येथील बेर्निनीच्या दोन मूर्तींचें म्हणाल तर त्या तिरकस समोरासमोर दोन कोनाड्यांत आहेत : एकींत सिंहासह दानीएल, दुसरींत हबक्कूक व देवदूत. हबक्कूक हा यहुदी प्रेषित शेतांत राबणाऱ्यांस भाकरी घेऊन निघाला असतां देवदूतानें त्यास केसांस धरून उचललें व बाबिलोनमध्यें सिंहांच्या गुहेंत टाकलेल्या दानीएलकडे नेलें, अशी कथा ग्रीक बायबलांतील दानीएलच्या पुरवणींत आहे. हबक्कूक शेताकडे बोट दाखवितो आणि देवदूत समोरच्या कोनाड्यांतील दानीएलकडे. मधल्या मोकळ्या जागेंतून, पाहणाराच्या डोक्यावरून, ही कथा एका कोनाड्यांतून दुसऱ्यांत जाते. सारी देवडीच त्या शिल्पाचा भाग होते. बेर्निनीच्या बुद्धीचा विशेष हाच. कादंबरींत मात्र तो देवदूत भिंतीपलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोंकाकडे बोट दाखवितो, आणि बिचारा दानीएल वगळला जातो. दानीएलच्या सप्ततिकृत ग्रीक पाठाचें जें अति दुर्मिळ हस्तलिखित आज उपलब्ध आहे, तें ह्याच कीजी घराण्याच्या संग्रहांत होतें व १७७२ मध्यें प्रथम छापलें गेलें. हा संग्रह इटालियन सरकारनें १९१८ मध्यें विकत घेतला व १९२३ मध्यें व्हॅटिकनच्या ग्रंथालयास दिला.

वायूची वेदी सेंट पीटरच्या चौकांत आहे. ओबेलिस्कभोंवतीं फरशींत वाऱ्यांच्या दिशा दाखविणाऱ्या लंबवर्तुळाकृति शिला बसविल्या आहेत. त्यांपैकीं पश्चिमेच्या शिलेवर फुंकर मारणारें मुख आहे. तेंच बेर्निनीचें दुसरें शिल्प, असें कादंबरी म्हणते. ह्या शिला एकोणिसाव्या शतकांतील आहेत. चौकांतील मध्यान्हरेषा जीलिई ह्या पाद्री-ज्योतिर्विदानें १८१७ मध्यें आंखली, त्याच प्रकारचें हें काम. बेर्निनीचें खरें काम त्या भोंवतीं, चार रांगांत, २८४ खांबांनीं उभें आहे आणि कथेंत तें नुसती पार्श्वभूमि होऊन राहतें. अरुंद गल्ल्यांतून येणाऱ्या यात्रेकरूस एकाएकीं हा प्रचंड चौक दिसावा अशी त्याची योजना होती. १९३६ मध्यें समोरचीं घरें पाडून सरळ रुंद रस्ता काढण्यास आरंभ झाला व १९५० पर्यंत तो पुरा झाला. ती योजना तेव्हांपासून नष्ट झाली.

अग्नीच्या वेदीविषयीं दोन शब्द पुरेत. संत तेरेसेची मूर्ति आठव्या अर्बनला अश्लील वाटल्यावरून व्हॅटिकनमधून हलवून एका आडबाजूच्या देवळांत टाकली, असें कादंबरींत आहे. आठवा अर्बन १६४४ मध्यें वारला. मूर्तीचें काम १६४७ मध्यें सुरू झालें, तेंहि कार्डिनल फेदेरिको कोर्नारो ह्यानें स्वतःच्या घराण्याच्या देवडीसाठीं सांगितल्यावरून. वरच्या गुप्त खिडकींतून मूर्तीवर पडणारा उजेड आणि दोन्ही भिंतींत नाटकगृहाच्या सज्ज्यांत बसल्यासारखे कोर्नारो घराण्यांतील आठ पुरुष, हें सर्व एकाच संकल्पांतलें. ह्यांतली मूर्ति दुसरीकडून आणून बसविलेली असूं शकत नाहीं. आणखी एक चमत्कार असा कीं, हें देऊळ कादंबरींत पियात्सा बार्बेरिनींत आहे. वस्तुतः तें तेथून बरेंच दूर, दुसऱ्याच रस्त्यावर आहे. आमच्या मतें ह्या स्थलांतराचें कारण ओबेलिस्क होय. प्रत्येक वेदीजवळ ओबेलिस्क असावा असा कथेचा नियम. ह्या देवळापाशीं तो नाहीं. म्हणून देऊळ बार्बेरिनी चौकांत आणलें, आणि तेथें पूर्वीं ओबेलिस्क होता पण तो काढून अलीकडे ट्रायटनचें कारंजें बसविलें, असें सांगितलें. तें कारंजें १६४२-४३ मधलें असून खुद्द बेर्निनीच्याच हातचें आहे!

रोममधील ओबेलिस्कांची खरी योजना मात्र आहे, व ती कोणी लपविलेली नाहीं. पोप पांचवा सिक्स्तुस (१५८५-९०) ह्यानें दोमेनिको फोंताना ह्या स्थपतीकडून १५८६ ते १५८९ ह्या चार वर्षांत चार ओबेलिस्क उभे करविले : सेंट पीटर, एस्क्विलिन टेंकडी, लाटेरान व पोपोलो चौक. पायीं येणाऱ्या यात्रेकरूंस एका मोठ्या देवळाकडून दुसऱ्याकडे जातांना लांबून खूण दिसावी म्हणून हे दगड व त्यांस जोडणारे सरळ रस्ते. बेर्निनी जन्मला १५९८ मध्यें. तेव्हां त्याच्यापुढें हें जाळें तयारच होतें. शहराचा नकाशा खुणांच्या रेषांनीं वाचतां येतो, हें कादंबरीकारानें बरोबर ताडलें. रेषा कोणी आंखल्या हें चुकलें.

पियात्सा नावोनांतील चार नद्यांचें कारंजें दहाव्या इनोसंटनें बांधविलें. खर्चासाठीं भाकरीवर कर बसविल्यामुळें रोमकर त्यास शिव्या देत. नाईल, डॅन्यूब, ला प्लाता आणि आपली गंगा, अशा चार खंडांच्या चार नद्या खडकावर बसल्या आहेत. गंगा येथें पुरुषरूपी आहे व ती क्लोद पुसँ ह्या शिल्पकाराच्या हातची असून तिच्या हातांत लांब वल्हें दिलें आहे, कारण तींतून नावा चालतात असें युरोपियनांनीं ऐकलें होतें. नाईलचें मस्तक वस्त्रानें झांकलें आहे, कारण तिचा उगम तेव्हां अज्ञात होता. माथ्यावरच्या ओबेलिस्काच्या टोंकावर ऑलिव्हची डहाळी चोंचींत धरलेलें कबूतर आहे. कादंबरींत हें एकाकी कबूतर शांतिदूताचें मूर्तिपूजक चिन्ह ठरतें व त्यावरून नायक सांत'आंजेलो किल्ला ओळखतो. हेंहि कुलचिन्हच, दहाव्या इनोसंटचें घराणें पाम्फीली, आणि कबूतर व डहाळी ही त्या घराण्याची खूण. टेंकड्यांचा पिरॅमिड झाला, तसाच कबूतराचा देवदूत.

तरीहि ह्या कारंज्यापाशीं एक खरा चिन्हशास्त्री उभा होता. तो म्हणजे आथानासिउस किर्खर हा जेझुइट पंडित. माक्सेन्तिउसच्या रथशर्यतींच्या मैदानांत तुकडे होऊन पडलेला हा ओबेलिस्क जोडून उभारण्याच्या कामीं पोपनें त्यास सल्लागार नेमलें, व १६५० मध्यें त्यानें त्यावरील चित्रलिपीचा अर्थ सांगणारा प्रचंड ग्रंथ छापला. त्यांत त्यास विश्वाचीं परम रहस्यें सांपडलीं. १८२२ मध्यें शांपोल्योंनें ती लिपि खरोखर उलगडल्यावर कळलें कीं, हा लेख रोमन बादशहा दोमिशियन (इ. स. ८१-९६) ह्याची प्रशस्ति असून त्यांत त्याचा बाप व भाऊ ह्यांचीं नांवें आहेत. म्हणजे तेथेंहि धन्याचा शिक्काच निघाला. किर्खरची थट्टा करण्यापूर्वीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, १६६७ मध्यें आम्सटरडॅम येथें छापलेल्या त्याच्या 'चायना इलुस्त्राता' ह्या ग्रंथांत आग्र्यास राहिलेल्या हाइनरिख रोट ह्या पाद्र्यानें लिहून दिलेल्या देवनागरी वर्णमालेचे ताम्रपट आहेत. युरोपांत छापल्या गेलेल्या देवनागरीच्या अति प्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. रोटचें संस्कृत व्याकरणाचें हस्तलिखित रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे.

राहतां राहिला सांत'आंजेलो किल्ला. हाड्रियन बादशहाचें हें थडगें १३९ मध्यें पुरें झालें, पुढें तट व तुरुंग बनलें. व्हॅटिकनपासून तेथपर्यंत भिंतीवरून जाणारी झांकलेली वाट खरी आहे. १५२७ मध्यें रोमची लूट चालू असतां सातवा क्लेमेंट तिनेंच जीव घेऊन पळाला, आणि कादंबरींतील ह्या वाटेचा उपयोग चांगला साधला आहे. परंतु जो किल्ला शतकानुशतकें पोपचा खजिना, शिबंदी व कैदखाना होता, त्यांतच पोपच्या शत्रूंनीं सभा भरवाव्या हें मानणें कठीण. पुलावरील दहा देवदूतांचा आराखडा बेर्निनीचा खरा, पण तो नवव्या क्लेमेंटच्या कारकीर्दीतला, कारंज्याच्या पंधरा-सोळा वर्षांनंतरचा. आणि माथ्यावर जो ब्राँझचा देवदूत तरवार म्यान करीत उभा आहे, तो वेर्शाफेल्ट नांवाच्या फ्लेमिश शिल्पकारानें १७५३ मध्यें बसविला. बेर्निनीच्या वेळचा देवदूत राफाएल्लो दा मोन्तेलुपो ह्यानें घडविलेला, संगमरवरी होता. तो आज किल्ल्याच्या आंतल्या चौकांत उतरवून ठेवलेला आहे.